नाणे बोलू नये म्हणून

गेले चौदा महिने माझ्या उजव्या तळहातात दिवसातला बराच वेळ एक नाणे असते. फोनवर बोलताना, पुस्तकाचे पान उलटताना, कपाटाचे दार लावताना ते तिथेच असते आणि समोरच्या माणसाला त्याचा पत्ता लागू नये, एवढीच माझी धडपड चाललेली असते. नाण्यांची जादू शिकायला मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी सुरुवात केली. एवढ्या काळात हाताला थोडे वळण लागले आहे, पण या विद्येचा उंबरठा ओलांडून मी अजून आत आलेले नाही. त्यामुळे हा लेख एका नवशिकीने इतर नवशिक्यांसाठी लिहिलेला आहे. तरीही एक गोष्ट मला इतकी स्वच्छ कळली आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. नाणे लपवायला दोन महिन्यांत येते. नाणे असलेला हात रिकाम्या हातासारखा वागू लागायला मात्र फार वेळ जातो, आणि जादू घडते ती तिथेच.

पत्ते सोडून नाणीच का निवडली, असे मला अनेकांनी विचारले. पत्त्यांचा कॅट बाहेर काढला की पाहणारा सावध होतो. पत्त्यांवर काही खुणा असतील, पिसताना काही केले असेल, हा संशय त्याच्या मनात आधीपासूनच असतो. नाण्याबद्दल असा संशय सहसा कोणी घेत नाही. ते पाहणाऱ्याच्याच खिशातून मागून घेता येते, काम झाल्यावर त्याच्याच हातावर परत ठेवता येते, आणि त्याचे वजन, त्याचा गारवा, त्याची चकाकी व आवाज प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक असतात. इतकी ओळखीची, इतकी घट्ट वस्तू डोळ्यांदेखत नाहीशी झाली की मन क्षणभर अडखळते, आणि ते अडखळणे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसते. ही विद्या जुनीही आहे. चेटूक केल्याच्या आरोपाखाली निरपराध माणसांचा छळ होत असे, त्याविरुद्ध रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने 1584 साली एक ग्रंथ लिहिला आणि त्यात हातचलाखी करणाऱ्यांच्या युक्त्या समजावून सांगताना नाणे तळहातात कसे दडवतात तेही लिहिले. मी आज जे गिरवते आहे ते मुळात तेच आहे, ही जाणीव सरावाच्या कंटाळवाण्या दिवसांत मला फार आधार देते.

माझे पहिले प्रेक्षक माझे आजोबा होते. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागाची वयोमानाने झीज झाल्यामुळे त्यांना समोरचे धूसर दिसते. कडेचे त्यामानाने बरे दिसते, पण ज्या वस्तूवर नजर रोखावी तीच पुसट होते. चौतीस वर्षे त्यांनी बँकेत रोखपालाचे काम केले. कमी दिसणाऱ्या माणसासमोर पहिली चूक झाकली जाईल, असा विचार तेव्हा माझ्या मनात होता, हे मला आज सांगायला हवे. शिकायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. उजव्या तळहातात एक नाणे आधीच दडवलेले होते. दुसरे नाणे मी त्यांना दाखवले, ते डाव्या हातात दिल्याचा आविर्भाव केला आणि प्रत्यक्षात उजव्याच हातात ठेवले. ते करताना दुसरे नाणे पहिल्याच्या कडेला टेकले. आवाज झाला तो इतका बारीक की मला तो ऐकू येण्यापेक्षा बोटांना जाणवला. मी डावी मूठ पुढे केली आणि त्यावर फुंकर मारायला त्यांना सांगणार, एवढ्यात ते म्हणाले, "तुझ्या उजव्या हातात दोन नाणी आहेत."

"आजोबा, तुम्हांला दिसलं?"

"दिसतंय कुठे मला? वाजली ना. आणि त्यातलं एक बद्द आहे."

मी मूठ उघडून पाहिले. तळहातातले नाणे खरोखरच जुने होते, त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. ज्या माणसाने अर्धे आयुष्य नाणी काचेवर आपटून खरी-खोटी ओळखली, त्याच्यासमोर मी डोळ्यांपुरती तयारी करून बसले होते. पुढे मला कळले की जादूगारांच्या बोलीत याला नाणे 'बोलणे' म्हणतात, आणि हातात दडलेली दोन नाणी एकमेकांशी बोलू न देणे ही स्वतंत्रपणे शिकण्याची गोष्ट आहे. त्या संध्याकाळी मात्र मला एवढेच समजले होते की आपण जे शिकतो आहोत त्याचा निम्मा भाग आपल्याला दिसलेलाच नाही.

आता नाण्याविषयी. सुरुवातीला मी हाताला लागेल ते नाणे घेऊन बसत असे, आणि ती चूक होती. फार लहान नाणे तळहाताच्या खळगीत बसत नाही, बोटांच्या फटीतून निसटते, आणि चार हात लांबून पाहणाऱ्याला दिसतही नाही. फार मोठे नाणे लहान हातात झाकले जात नाही. या विषयावरची बरीचशी पुस्तके अमेरिकेत लिहिली गेली, तिथल्या जादूगारांचे आवडते नाणे म्हणजे अर्ध्या डॉलरचे, आणि त्याचा व्यास 30.6 मिलिमीटर व वजन 11.34 ग्रॅम आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच जादूगारांच्या हातात पाच फ्रँकचे चांदीचे नाणे असे. ते 37 मिलिमीटर व्यासाचे आणि 25 ग्रॅम वजनाचे होते. हे आकडे सांगायचे कारण असे की आपल्या हाताला कोणते माप मानवते ते स्वतःच शोधावे लागते. माझा पंजा लहान आहे. 30 मिलिमीटरच्या आसपासचे नाणे मला सगळ्यांत सोयीचे वाटते. त्याहून मोठे घेतले की ते झाकण्यासाठी मी नकळत हात वाकडा करते. दुसरी गोष्ट कडेची. ज्या नाण्याच्या कडेवर बारीक उभ्या रेषा असतात ते कातडीत किंचित रुतते आणि घट्ट बसते. गुळगुळीत कडेचे नाणे घाम आला की सटकते. उलट हात अगदी कोरडा असला तरी पकड सुटते, त्यामुळे हिवाळ्यात मी सरावाआधी हाताला किंचित क्रीम लावून दहा मिनिटे थांबते.

नाणे तळहातात धरण्याला इंग्रजी नावानेच 'पाम करणे' म्हणतात, आणि जिला 'क्लासिक पाम' म्हणतात ती यातली पायाभूत पकड आहे. ती वाचायला सोपी आहे. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो आणि करंगळीच्या बाजूला जो दुसरा असतो, त्या दोघांच्या मध्ये नाणे दाबून धरायचे. मधले बोट आणि अनामिका यांच्या टोकांवर नाणे ठेवायचे, ती बोटे आत मिटून नाणे तळहातात रोवायचे, आणि बोटे पुन्हा सरळ करायची. नाणे तिथेच राहायला हवे. मी पहिल्या दिवशी हे केले तेव्हा नाणे शंभरातल्या शंभर वेळा खाली पडले. सराव पलंगाशी उभे राहून करावा, म्हणजे पडलेले नाणे चादरीवर पडते आणि दर वेळी वाकून जमिनीवर शोधावे लागत नाही, ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती. पाठ दुखू लागल्यावर ती सुचली. साधारण दहाव्या दिवशी नाणे ठरायला लागले. पण ते ठरले ते केवळ मी सगळी ताकद लावून ते आवळत होते म्हणून. अंगठा काटकोनात बाहेर आलेला, बोटे ताठ, मनगट आखडलेले. माझ्या हाताकडे पाहून कोणीही म्हणाले असते की या हाताला काहीतरी झाले आहे.

इथे बहुतेक जण कंटाळून सोडून देतात किंवा घाईने पुढच्या युक्तीकडे वळतात, असे मला वाटते, म्हणून या टप्प्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. नाणे धरायला जोर फार थोडा लागतो. तो जोर नेमका कुठे द्यायचा ते कातडीला कळेपर्यंत आपण सगळा पंजा आवळत राहतो. त्यावर मला लागू पडलेला उपाय असा की नाणे तळहातात धरून सरावाचा विचारच सोडून द्यायचा आणि त्या हाताने दुसरे काहीतरी करत राहायचे. मी नाणे धरून पेनाने लिहिले, शर्टाची बटणे लावली, चुटकी वाजवली, संगणकावर पत्रे टंकली, कुलपात किल्ली फिरवली. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी नाणे पडे. मग केव्हातरी असे झाले की मी अर्धा तास काम करत होते, आणि उठताना एकदम लक्षात आले की नाणे अजून तिथेच आहे. हाताने ते स्वतःकडे घेतले होते आणि मला त्याची खबरही नव्हती. त्या दिवसानंतर अंगठा आपोआप जवळ आला.

त्याच सुमारास मी लोकांचे हात पाहू लागले. मोकळा हात म्हणजे उघडा, पसरलेला हात, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. रांगेत उभ्या असलेल्या, बाकावर बसलेल्या, बोलता बोलता थांबलेल्या माणसांचे हात पाहा: बोटे अर्धवट मिटलेली असतात, करंगळी सर्वांत जास्त वळलेली, तर्जनी त्यामानाने सरळ, आणि अंगठा तर्जनीच्या कडेला सैल टेकलेला. विश्रांतीतला हात स्वतःहून एक पोकळी तयार करतो आणि त्या पोकळीत एक नाणे सहज मावते. 'फिंगर पाम' ही दुसरी पकड याच गोष्टीवर उभी आहे. त्यात नाणे मधले बोट आणि अनामिका यांच्या मुळाशी आडवे ठेवतात आणि बोटांचा नेहमीचा बाक त्याला धरून ठेवतो. ही पकड पहिल्याच दिवशी जमते. मी ती सोपी म्हणून दुर्लक्षिली होती. आज मी जे थोडेसे लोकांसमोर करते त्यातले तीन चतुर्थांश तिच्यावरच चालते, आणि नवशिक्याने आधी हीच पकड घ्यावी, क्लासिक पाम सोबतीने महिनोन्‌महिने मुरू द्यावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सरावाला वेळ कुठून आणायचा, याचे उत्तर मला झाँ-युजेन रॉबेअर-उदँ यांच्या आठवणींत सापडले. आधुनिक जादूचे जनक म्हणून ओळखले जाणारे हे फ्रेंच गृहस्थ (1805–1871) मुळात घड्याळजी. घड्याळकामाची पुस्तके आणायला गेले असता विक्रेत्याच्या चुकीने जादूची पुस्तके हाती आली आणि आयुष्याची दिशा बदलली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी दोन्ही बाजूंना खिसे असलेला कोट वापरायला सुरुवात केली. रस्त्याने चालताना हात खिशात असत आणि आत बोटांचे काम चालू असे. हे वाचल्यावर माझ्या लक्षात आले की माझ्या बहुतेक कपड्यांना खिसेच नाहीत, आणि पुढच्या वेळी कपडे शिवायला टाकले तेव्हा मी प्रत्येकाला दोन खोल खिसे लावून घेतले. अमेरिकेतले टी. नेल्सन डाउन्स (1867–1938) हे तर रेल्वेच्या तारखात्यात तारयंत्रावर काम करत असत. गुरू कोणी नव्हता. कामातून मिळणाऱ्या मोकळ्या वेळात नाण्यांचा सराव करत ते असे तयार झाले की पुढे 'नाण्यांचा राजा' ही त्यांची ओळख बनली. हवेतून एकामागून एक नाणी पकडून उंच टोपीत टाकत जायचे, हा त्यांचा खेळ 'कंजूषाचे स्वप्न' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. दोन गाड्यांमधल्या शांततेत नाणी खुळखुळवत बसलेला तो तरुण माझ्या डोळ्यांसमोर अनेकदा येतो.

आता नाणे नाहीसे करण्याकडे येते. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा 'फ्रेंच ड्रॉप' शिकतो, तशी मीही शिकले. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर नाणे आडवे धरायचे, उजवा हात ते घेण्यासाठी पुढे येतो, उजवा अंगठा नाण्याच्या खालून जातो, बोटे वरून झाकतात, आणि त्या आडोशाला नाणे डाव्याच हाताच्या बोटांत खाली पडते. उजवा हात रिकामी मूठ घेऊन निघून जातो. आठवड्याभरात मला ते यंत्रासारखे येऊ लागले, आणि तरीही ते कोणालाच पटेना. माझ्या धाकट्या बहिणीने तर कारणही सांगितले. ती म्हणाली, "ताई, तू नाणं खरंच घेतेस तेव्हा असं घेत नाहीस."

तिच्या त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते पुढचे चार महिने पुरले. मी नाणे खरोखर कसे घेते, हे मला माहीतच नव्हते. मग मी सगळी हातचलाखी बाजूला ठेवली आणि फक्त खरी कृती करत बसले: डाव्या हातातले नाणे उजव्या हातात घेणे, उजव्यातले डाव्यात देणे, टेबलावरून उचलणे, पुन्हा ठेवणे. शेकडो वेळा. त्यात दिसले ते असे की नाणे सोडून दिलेला हात लगेच मोकळा होतो, किंचित खाली येतो आणि विसरला जातो. नाणे घेतलेल्या हातात मात्र जीव येतो, तो पुढे होतो, त्याची मूठ नाण्याच्या जाडीइतकी फुगलेली राहते. मी लबाडी करताना नेमके उलटे करत होते. नाणे असलेला हात काळजीने आखडून छातीशी घेत होते आणि रिकामी मूठ इतकी घट्ट मिटत होते की तिच्यात काही असणे शक्यच नव्हते. शिवाय एक साधा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता: नाणे या हातातून त्या हातात न्यायचे तरी कशाला? त्याला काही निमित्त हवे. उजव्या हाताने पेन उचलायचे आहे म्हणून नाणे डावीकडे देते, असे झाले की देण्याकडे कोणाचे लक्षही जात नाही, आणि ज्याकडे लक्ष गेले नाही ते खरे की खोटे हे कोणी तपासत बसत नाही.

यानंतर मी 'रिटेन्शन व्हॅनिश' शिकायला घेतले, आणि नाण्यांच्या जादूत मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. यात नाणे उजव्या हाताच्या चिमटीत धरून, त्याची चकाकती बाजू पाहणाऱ्याकडे ठेवून, डाव्या उघड्या तळहातावर खरोखर टेकवतात. डाव्या हाताची बोटे त्यावर मिटू लागतात. मिटता मिटता, शेवटच्या क्षणापर्यंत नाण्याची कड दिसत असते, आणि ती बोटांआड जाते न जाते तोच उजवा हात त्याच आडोशाने नाणे काढून घेऊन बाजूला होतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत चकाकीचे शेवटचे चित्र उरलेले असते आणि मन ते चित्र मिटलेल्या मुठीत ठेवून देते. वेग लागतच नाही. घाई केली की सगळे बिघडते. दिवा डोक्यावर आणि थोडा समोर असला तर चकाकी नेमकी पाहणाऱ्याकडे जाते, म्हणून मी आता कोणत्याही खोलीत गेले की आधी दिवा कुठे आहे ते पाहते. आणि मूठ मिटल्यावर ती लगेच उघडायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे: चार-पाच क्षण मूठ तशीच ठेवली की नाणे आत आहे हा विश्वास पक्का होतो, आणि तोपर्यंत दुसरा हात आपल्या कामाला लागून विस्मरणात गेलेला असतो. नवशिक्याला हे चार क्षण सर्वांत जड जातात. आतून कोणीतरी सांगत असते, लवकर उघड, पकडली जाशील. मी मनातल्या मनात माझ्या पूर्ण नावाचा उच्चार करते आणि मगच बोटे उघडते.

नजरेचे काय करायचे, हा यातला वेगळाच धडा. स्कॉटलंडमधले जॉन रॅमसे हे पेशाने वाणी आणि हातचलाखीत असे निष्णात की जादूगारसुद्धा त्यांच्यापुढे चकत. त्यांची शिकवण थोडक्यात अशी होती की लोकांनी जिथे पाहावे असे वाटते तिथे आपण पाहावे, आणि लोकांनी आपल्याकडे पाहावे असे वाटले तर आपण त्यांच्याकडे पाहावे. हे नुसते अनुभवाचे बोल नाहीत. 2006 साली गुस्ताव्ह कुन आणि मायकेल लँड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो. तिसऱ्यांदा फक्त उडवल्याचा आविर्भाव करतो आणि चेंडू हातातच राहतो. तो वर, नसलेल्या चेंडूकडे, पाहत असेल तर सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांना चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचे दिसले. तो हाताकडे पाहत असेल तर जेमतेम एक तृतीयांशांना. हाताची हालचाल तीच, फरक फक्त डोळ्यांचा. मी स्वतःचे चित्रीकरण पाहिले तेव्हा माझी नजर दर वेळी, अगदी निमिषभर, नाणे दडवलेल्या हाताकडे जात होती. ती जाऊ नये म्हणून कितीही ठरवले तरी जात होती. ती थांबली ती एकाच उपायाने: मिटलेल्या रिकाम्या मुठीत नाणे आहे असे मी स्वतःच मानायला लागले, त्याचे वजन तिथे जाणवून घ्यायला लागले, तेव्हा.

चित्रीकरण म्हणाले, तर आरशाविषयीही सांगायला हवे. मी पहिले काही महिने आरशासमोर सराव केला आणि तो मला निर्दोष वाटला. मग मोबाइल टेबलावर उभा करून चित्रण केले, तर ऐन मोक्याच्या क्षणी माझे डोळे मिटत होते. प्रत्येक वेळी. आरशात ते दिसणे शक्यच नव्हते, कारण त्या क्षणी मी स्वतःच पाहत नव्हते. ही सवय अनेकांना असते असे पुढे कळले. मोबाइलची उंचीही बदलत राहावी, कारण उभ्या माणसाला न दिसणारे नाणे शेजारी बसलेल्या लहान मुलाला बोटांच्या फटीतून सरळ दिसते.

बोटांच्या पेरांवरून नाणे लोळवत नेण्याची कसरत मी शिकले नाही. ती दिसते सुंदर, पण ती पाहिली की लोकांना आपली बोटे तरबेज आहेत हे कळते, आणि मग पुढच्या प्रत्येक गोष्टीचे श्रेय ते बोटांना देतात. दोन्ही बाजूंना छापा असलेली किंवा आतून पोकळ केलेली खास नाणीही मी अजून घेतलेली नाहीत. ती वापरणाऱ्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला आधी साधे नाणे हातात मुरवायचे आहे. पुस्तक म्हणाल तर जे. बी. बोबो यांचे 1952 सालचे 'मॉडर्न कॉइन मॅजिक' एवढे एक नवशिक्याला वर्षभर पुरून उरते.

आजोबांचे ते 'वाजली ना' मात्र माझ्या मनातून जात नव्हते. सहाव्या-सातव्या महिन्यात मी डोळे मिटून सराव करायला सुरुवात केली, फक्त ऐकण्यासाठी. तेव्हा कळले की नाणी किती वेगवेगळ्या तऱ्हांनी बोलतात. कड कडेवर आपटली तर तीक्ष्ण आवाज होतो. सपाट बाजू सपाट बाजूवर पडली तर जरा दबलेला. एक नाणे दुसऱ्यावर घसरले तर खरवडल्यासारखा लांब. झिजलेली नाणी मऊ बोलतात, म्हणून बरेच जादूगार सरावासाठी जुनी, गुळगुळीत नाणी पसंत करतात. दोन नाणी एकाच हातात ठेवायची असतील तर त्यांना एकमेकांवर पडू द्यायचे नाही. एकाला दुसऱ्यावर बोटाच्या मांसल भागाने टेकवत, झोपवल्यासारखे ठेवायचे. आणि मग याच्या उलट बाजूही सापडली. 'क्लिक पास' नावाच्या युक्तीत आवाज लपवतच नाहीत, तो मुद्दाम करतात. एका हातातली नाणी दुसऱ्या हातात टाकताना एक मागे राहते, पण मागे राहता राहता दुसऱ्यावर आपटून राहते; ऐकणाऱ्याला दोन्ही पडल्याचा खणखणीत पुरावा मिळतो. डोळ्यांना फसवणारी चकाकी तसा कानांना फसवणारा हा नाद.

मग मी आजोबांसाठी एक खेळ बसवायला घेतला. दिसण्याशी ज्याचा काही संबंध नाही असा खेळ मला हवा होता, त्यांच्याच हातात घडणारा. त्यांच्या तळहातावर एक नाणे ठेवायचे, मग दुसरे, मूठ मिटायची. तिसरे माझ्या हातातून नाहीसे व्हायचे आणि त्यांच्या मुठीत निघायचे. यातली अडचण एकच. दुसऱ्या नाण्याबरोबर त्याच्या पाठीला चिकटून आणखी एक नाणे त्यांच्या हातात जायला हवे आणि आवाज मात्र एकाचाच यायला हवा. पहिल्या प्रयत्नांत दोन आवाज येत, अगदी लागोपाठ, टक-टक; दुसऱ्या कोणाला ते जाणवले नसते, पण रोखपालाच्या कानाला ते चुकणार नव्हते. सात आठवडे मी स्वतःच्याच डाव्या तळहातावर डोळे मिटून नाणी ठेवत होते. नाणी एकमेकांवर दाबून धरण्याचा जोर, ती सोडण्याचा कोन, पहिल्या नाण्याला कडेने न भिडता सपाट भिडणे, आणि त्याच श्वासात दुसऱ्या हाताने समोरच्याची बोटे मिटून घेणे. नेमके कसे, ते मी इथे लिहीत नाही. ते जेवढे मला शोधावे लागले तेवढे आणखी कोणाला शोधावेसे वाटले तर त्याचा तो आनंद मला हिरावून घ्यायचा नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी त्यांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसले. दुपारची वेळ निवडली कारण तेव्हा घर शांत असते आणि मला त्यांनी नीट ऐकायला हवे होते. मी म्हटले, "आजोबा, हात पुढे करा. हे एक." नाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी अंगठ्याने त्याची कड चाचपली. "हे दोन." एकच आवाज झाला, खणखणीत. मी माझ्या दोन्ही हातांनी त्यांची बोटे मिटली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. तिसरे नाणे मी स्टुलाच्या लाकडावर वाजवून त्यांना ऐकवले, डाव्या हातात दिले, मूठ त्यांच्या मुठीजवळ नेली आणि मनात माझे पूर्ण नाव उच्चारले. मग मूठ उघडून माझा रिकामा तळहात त्यांच्या मनगटावर ठेवला, म्हणजे तो रिकामा आहे हे त्यांना कळावे. त्यांनी तो चाचपून पाहिला. उजवाही मागितला. तोही मी दिला. तोपर्यंत तिथेही काही नव्हते.

"आता तुमची मूठ उघडा."

त्यांनी उघडली नाही. आधी मिटल्या मुठीतच बोटे हलवली आणि त्यांचा चेहरा बदलला. मग सावकाश एकेक नाणे दुसऱ्या हाताने काढून त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवले. एक. दोन. तीन. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला अपेक्षित नव्हते: प्रत्येक नाणे उचलून त्यांनी लाकडावर वाजवून पाहिले, डोके किंचित कलते करून, पूर्वी काउंटरवर बसून करत असतील तसे. "तिन्ही खरी आहेत," ते म्हणाले. "दोनच वाजली होती."

मी काही बोलले नाही. त्यांनी तिन्ही नाणी गोळा करून पुन्हा मुठीत घेतली, मूठ कानाशी नेली आणि हळूच हलवून ऐकत राहिले.